तिखट, कडू आणि कडवट

शाळेत विरुद्धार्थी शब्द शिकविताना ‘गोड’ या शब्दासमोर ‘कडू’ हा शब्द लिहिला जातो. उत्तर बरोबर असते आणि त्याला पुरे गुण मिळतात. तोच मुलगा घरी गेला की आजी विचारते, ‘पुऱ्या गोडाच्या करू का तिखटामिठाच्या?’ सांजाही गोडाचा असतो नाही तर तिखटाचा असतो. म्हणजे शाळेने ‘गोड’चा एक विरोधक सांगितला आणि स्वयंपाकघराने दुसराच. दोन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु ती एकाच जातीची नव्हेत. गोड आणि कडू हा स्वीकार आणि नकार यांच्यामधला विरोध आहे. गोड आणि तिखट हा एकाच ताटाच्या दोन बाजूंमधला विरोध आहे. चटणी, लोणचे, ठेचा यांना आपल्या ताटात डावीकडची ठरलेली जागा असते. ती बाजू रिकामी ठेवून पक्वान्नाचे जेवण वाढले, तर जेवणारा बोलून दाखविणार नाही, पण यजमानाच्या घरी काहीतरी राहून गेले आहे हे त्याच्या ध्यानात आल्याखेरीज राहणार नाही.

स्वयंपाकघरातील हा विवेक आपल्या सार्वजनिक बोलण्यातून मात्र झपाट्याने नाहीसा होत चालला आहे. सभेत कोणी हिशेब मागितला की ‘कडवटपणा नको’ असे अध्यक्ष म्हणतात. पुस्तकाचे दोष दाखविणारे परीक्षण आले की ‘समीक्षकाने कडवट सूर लावला’ अशी तक्रार होते. जे गोड नाही ते कडू, आणि जे कडू ते टाकाऊ, असे हे सोपे गणित आहे. तिखट नावाचा एक स्वतंत्र रस असतो, त्याला ताटात मानाची जागा असते, याची आठवण या गणितात कोठेच राहत नाही.

वस्तुतः या बाबतीत मराठी भाषा विलक्षण संपन्न आहे आणि तिची ही संपत्ती फार जुन्या घालमेलीतून आलेली आहे. संस्कृतातील षड्रस सर्वांना पाठ असतात : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यांतील ‘कटु’ म्हणजे कडू आणि ‘तिक्त’ म्हणजे तिखट, असे बहुतेक विद्यार्थी समजून चालतात. शब्दांच्या चेहऱ्यावरून तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण प्रकार नेमका उलटा आहे. वैद्यकात ‘कटु’ म्हणजे सुंठ-मिरीचा रस आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंब-कारल्याचा. ‘त्रिकटु’ म्हणजे तीन कडू पदार्थ नव्हेत, तर सुंठ, मिरी आणि पिंपळी ही तीन तिखट द्रव्ये होत. ‘किराततिक्त’ म्हणजे आपले काडेचिराईत. ते किती कडू असते हे तापातून उठलेल्या जुन्या पिढीला सांगावे लागत नसे.

मग ‘कटु’पासून आलेला ‘कडू’ हा शब्द आपल्याकडे निंबाला कसा चिकटला? ही अदलाबदल बरीच जुनी असली पाहिजे. कुटकी या औषधी मुळीला संस्कृतात ‘कटुका’ असेही म्हणतात आणि ‘तिक्ता’ असेही म्हणतात. ती चवीला मात्र स्वच्छ कडू आहे. म्हणजे संस्कृतातच ‘कटु’ शब्दाचा पाय घसरू लागला होता. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस आहाराचे वर्णन करताना ‘कटु’ आणि ‘तीक्ष्ण’ हे दोन्ही शब्द एकाच यादीत आले आहेत. तिखटाचे काम ‘तीक्ष्ण’ने केल्यावर ‘कटु’ला कडवेपणाखेरीज दुसरा अर्थ उरत नाही, अशी अडचण अर्थ लावणाऱ्यापुढे तेथे उभी राहते. पुढे प्राकृतातून येताना ‘कटुक’चे ‘कडू’ झाले, ‘तीक्ष्ण’चे ‘तिक्ख’ आणि मग ‘तिखट’ झाले. आणि ‘तिक्त’ हा बिचारा मराठीत पुस्तकांपुरता उरला. बंगालीने वेगळी वाट धरली. तिकडे ‘तेतो’ म्हणजे कडू, आणि तिखटासाठी त्यांनी ‘झाल’ हा निराळाच शब्द घेतला. गुजरातीत ‘तीखुं’ आणि ‘कडवुं’ हे आपल्यासारखेच आहेत. हिंदी प्रदेशात मोहरीच्या तेलाला ‘कड़वा तेल’ म्हणतात. ते तेल कडू नसते, नाकात झिणझिण्या आणणारे असते. ‘कटु’चा मूळ अर्थ असा एका तेलाच्या बाटलीत टिकून राहिला आहे.

याहून गमतीची गोष्ट धातूची आहे. ‘तिक्त’ आणि ‘तीक्ष्ण’ हे दोन्ही शब्द ‘तिज्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. ‘तिज्’ म्हणजे धार लावणे. ‘तेज’ हा शब्दही त्याच घरातला. तेव्हा तिखट आणि तेज ही भावंडे आहेत, ही गोष्ट केवळ कोटी म्हणून सांगण्यासारखी नाही. ‘त्याचे कान तिखट आहेत’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या कानांना मिरची लावलेली नसते. ते सूक्ष्म आवाजही टिपतात एवढाच अर्थ असतो. धारेचा तो जुना अर्थ या एका वाक्प्रचारात अगदी शाबूत आहे. इंग्रजीतील ‘बिटर’ हा शब्दही ‘चावणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या कुळातला आहे. धार आणि दात यांच्याकडे वळल्याशिवाय अशा चवींना नाव देणे माणसाला जमलेले दिसत नाही.

मराठीत सहा रसांची नावे घेऊन पाहावीत. आंबट, खारट, तिखट, तुरट या चारांना शेवटी ‘ट’ आहे. गोड आणि कडू यांना तो नाही. हे दोन शब्द स्वतःच्या पायांवर उभे आहेत. कडूला हा ‘ट’ लागतो तेव्हा ‘कडवट’ होते, आणि येथे त्या ‘ट’चा ‘किंचित’ असा अर्थ होतो : धुरकट, मळकट, तसे कडवट. म्हणजे चवीच्या हिशेबाने कडवट हे कडूपेक्षा सौम्य ठरले पाहिजे, आणि जिभेवर ते तसेच असते. स्वभावाच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. कडू सत्य असते, कडू औषध असते, कडू घोट असतो. तो गिळला की माणसाचे भले होते असा विश्वास त्या शब्दात आहे. ‘कडवा’ सैनिक आणि ‘कडवी’ झुंज यांत तर उघड कौतुक आहे. पण ‘कडवट माणूस’ म्हटले की त्यात भले करण्याची शक्यताच उरत नाही. कडू म्हणजे प्रत्यक्ष घोट आणि कडवट म्हणजे घोट गेल्यावर मागे राहिलेली चव. भांडण संपल्यावर जे उरते त्याला मराठी माणूस कडवटपणा म्हणतो. भांडणाला तो कधी कडवट म्हणत नाही, कडाक्याचे म्हणतो.

अर्थात ‘कडू’ शब्दाचा सर्वच वापर असा उदात्त नाही. औरस नसलेल्या संततीला ‘कडू’ म्हणून हिणविण्याची क्रूर रीत आपल्या ग्रामीण समाजात होती, आणि शिवीच्या रूपाने तो शब्द अजून ऐकू येतो. चवीचा शब्द माणसाच्या जन्माला लावला की तो धुऊन काढता येत नाही, हेही या संपत्तीबरोबर आलेले देणे आहे.

कडू आणि तिखट यांतील भेद भाषेने किती नेमका ओळखला होता, हे अलीकडच्या शास्त्राने वेगळ्या मार्गाने दाखवून दिले आहे. कडू ही खरी चव आहे. ती ओळखण्यासाठी माणसाच्या जिभेवर पंचवीसच्या आसपास वेगवेगळे ग्राहक आहेत. वनस्पतींतील कितीतरी विषे कडू असतात, म्हणून कडू लागणे ही निसर्गाने दिलेली धोक्याची सूचना आहे. कडू निघालेल्या दुधीचा रस पिऊ नये असे डॉक्टर बजावतात ते याच कारणाने. काकडीचे टोक कापून ते चोळून फेस काढणाऱ्या आणि चव पाहूनच पुढे चिरणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र अनुभवाने ठाऊक असते. तिखट ही मात्र शास्त्राच्या लेखी चवच नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य ज्या ग्राहकावर काम करते तो उष्णतेचा आणि दाहाचा ग्राहक आहे. १९९७ साली त्याचा शोध लागला, आणि या कामाबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरची खाल्ल्यावर तोंड ‘भाजले’ असे वाटते तो कल्पनाविलास नसून शरीराची तशी प्रामाणिक समजूत झालेली असते. पक्ष्यांचा हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरच्या मिटक्या मारीत खातो. बोलणाऱ्या पक्ष्याला तिखट कळू नये, हा योगायोग मौजेचा आहे.

मराठीने हे सारे एका क्रियापदात साठवून ठेवले होते. ‘लागणे’ हे क्रियापद चवीलाही आहे आणि माराला, ठेचेलाही आहे. ‘भाजी कडू लागली’ हे वाक्य परीक्षकाचे आहे. ‘मला तिखट लागलं!’ हे वाक्य मात्र जखमी माणसाचे आहे. त्यावर पाण्याचा तांब्या पुढे करावा लागतो. (पाण्याने ते शमत नाही, कारण ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, दूध किंवा तूप हवे.) तिखट झोंबते, ठसका लावते, डोळ्यांत पाणी आणते आणि थोड्या वेळाने पार निघून जाते. मागे काही ठेवीत नाही. उलट बंद नाक मोकळे होते, भूक लागते, आणि तोच माणूस दुसऱ्या घासाला पुन्हा ठेच्याकडे हात नेतो. हाच मिरचीचा गुण या शब्दाबरोबर बोलण्यातही उतरला आहे.

येथे एका ऐतिहासिक गोष्टीचे विस्मरण होऊ देऊ नये. मिरची मुळात आपली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तत्पूर्वी आपला तिखटपणा मिरीचा, आल्याचा, पिंपळीचा होता. ‘मिरची’ हे नावही मिरीवरून बेतलेले आहे. पण या पाहुणीने घराचा असा ताबा घेतला की आज ‘तिखट’ हे विशेषण न राहता नाम झाले आहे. वाण्याकडे पाव किलो तिखट मागितले की तो लाल मिरचीची पूडच देतो. गोड किंवा कडू यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. पाव किलो कडू कोणी मागत नाही. ज्या भाषेने परक्या देशाच्या फळाला आपल्या एका रसाचे सबंध नाव देऊन टाकले, त्या भाषेच्या लोकांना तिखटाचे वावडे होते असे कोण म्हणेल?

तिखटाच्या पलीकडे बोलण्याच्या धारेसाठी मराठीने जे शब्द घडविले ते बहुतेक चुलीपाशीच घडलेले आहेत. एखाद्याचा ‘खरपूस समाचार’ घेतला जातो; खरपूस म्हणजे नीट भाजलेले, न करपलेले. त्यात भाजणाऱ्याच्या हाताचे कसबही आले. ‘चुरचुरीत’ संवाद फोडणीतून आले. ‘झणझणीत’ अंजन डोळ्यांत घालतात. ते झोंबते, पण दृष्टी स्वच्छ करते. ‘तिखटमीठ लावून सांगणे’ म्हणजे मुळात बेचव असलेली हकीकत खपविणे. ‘नाकाला मिरच्या झोंबल्या’ असे म्हटले की दोष मिरचीचा नसून नाकाचा आहे, असा बोलणाऱ्याचा स्पष्ट अभिप्राय असतो. याच्या उलट्या बाजूस ‘खवट’ आणि ‘कुजकट’ हे शब्द पाहावेत. खवट होतो तो नारळ किंवा शेंगदाणा. तो जातीचा वाईट नसतो. त्याच्यात स्नेह असतो, म्हणूनच तो खवटतो. वेळेवर कामी न आलेले तेल बिघडते. घरात वर्षानुवर्षे ज्याला कोणी काही विचारले नाही अशा म्हाताऱ्याच्या बोलण्याला खवट म्हणणाऱ्याने, शब्द वापरताना हे मूळ लक्षात घेतले तर बरे. कुजकट बोलणे त्याहून खालचे. तेथे जिन्नसच नासलेला असतो. ‘तुसडा’ हा शब्द ऐकताना धान्याचे तूस आठवल्याशिवाय राहत नाही : दाणा नाही, नुसते टोचणे. ‘खोचक’ या शब्दात चव नाही, टोक आहे. हे सगळे शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून मार्गदर्शकांत ओळीने छापलेले असतात आणि विद्यार्थी ते पाठ करतात. पण एकाच्या जागी दुसरा घालून पाहिला की वाक्याचा अर्थच नव्हे, त्यातला न्यायही बदलतो.

दुसरीकडे निव्वळ गोडाबद्दल मराठीला किती संशय आहे तेही पाहण्यासारखे आहे. गोडबोल्या, लाडीगोडी, साखरपेरणी, गुळमुळीत या शब्दांतून एकाही माणसाची स्तुती करता येत नाही. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलण्याचे आवाहन करणारा हाच समाज वर्षाच्या पहिल्या दिवशी, गुढीपाडव्याला, कडुनिंबाची पाने ओवा, हिंग, मिरी आणि गूळ यांच्याबरोबर वाटून खातो. त्या चटणीत गूळ असतो, पण तो निंबाचा कडूपणा झाकण्याइतका घातला तर जाणती मंडळी हसतात.

आजच्या वर्तमानपत्री भाषेत या सूक्ष्म छटांची काय अवस्था आहे? निषेध हा आता ‘तीव्र’च असतो, सौम्य निषेध कोणी केल्याचे वाचनात येत नाही. टीका ‘जहरी’ असते, टोला ‘खोचक’ असतो, हल्ला ‘घणाघाती’ असतो. एकाच पुढाऱ्याचे एकच वाक्य सकाळी एका मथळ्यात खोचक आणि दुसऱ्यात जहरी ठरते. आणि मूळ वाक्य वाचावे तर ते ब्याडगी मिरचीसारखे निघते, रंग गडद आणि तिखटपणा बेताचा. (हावेरी जिल्ह्यातील ती मिरची रंगासाठीच नावाजलेली आहे, तिची निंदा करण्याचा हेतू नाही.) जहर म्हणजे विष. प्रत्येक टीका विषारी ठरविली की खरोखरच विष पसरविणाऱ्याला वेगळा शब्द उरत नाही, आणि साध्या टीकाकाराला विषप्रयोगाचा आरोपी व्हावे लागते.

हा आरोप नुसता शब्दाचा नसतो, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा कायद्यातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. राज्यकर्त्यांविषयी प्रेम नसणे हाच गुन्हा. चवीच्या भाषेत सांगायचे तर, जे गोड नाही ते कडूच आहे, असा तो निवाडा होता. १९०७ साली सुरतेस काँग्रेस फुटली आणि मराठीत दोन पक्षांना नावे मिळाली ती ‘जहाल’ आणि ‘मवाळ’. विषाला आणि तंबाखूला लावायचा शब्द एका राजकीय मताला लावला गेला आणि त्या मताच्या लोकांनी तो अभिमानाने मिरविला. पुढच्याच वर्षी टिळकांवर दुसरा खटला झाला. ‘केसरी’तील दोन अग्रलेख आक्षेपार्ह ठरले होते. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, आणि एकवीस तासांहून अधिक वेळ चाललेल्या त्यांच्या भाषणाचा मोठा भाग मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतराविषयी होता. मूळ लेखातील शब्दांची धार एक आहे आणि सरकारी भाषांतरात उतरलेली दुसरी आहे, हे ते पुनःपुन्हा दाखवीत होते. समोरच्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. तिखट शब्द कोणता आणि विषारी कोणता, हे मराठी न येणाऱ्यांना भाषांतरावरून ठरवायचे होते. २२ जुलै १९०८ रोजी सात विरुद्ध दोन अशा मताने टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेस गेले.

तो काळ गेला, परकी सत्ता गेली. पण स्ट्रॅचीसाहेबांचा अर्थ आपल्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून पुरता गेलेला आहे असे म्हणवत नाही. खरेदीच्या फायलीवर ‘दरपत्रके एकाच हस्ताक्षरात आहेत, तपासावे’ एवढा शेरा लिहिणारा कारकून असतो. शेऱ्यात एकही अपशब्द नसतो. तरी वर्षअखेरीस त्याच्या गोपनीय अहवालात ‘स्वभाव कडवट, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही’ अशी ओळ पडते. ती ओळ त्याच्या बढतीच्या आड येते, आणि दरपत्रकांचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. शिक्षकसभेत मुलांच्या गळतीचे आकडे मागणाऱ्या शिक्षकाचे, पाठ्यपुस्तकातील चूक वर्गात दाखविणाऱ्या विद्यार्थ्याचे असेच होते. बोलणे तिखट होते हे मान्य केले, तर ते कशाला लागले हे पाहावे लागते. कडवट ठरविले की ते बोलणाऱ्याच्या पित्तप्रकृतीचे लक्षण होऊन बसते आणि पुढची चौकशी टळते. एका चुकीच्या विशेषणाने एवढे काम होते.

याचा अर्थ तिखट बोलणारा प्रत्येक माणूस बरोबरच असतो असा नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य हे तिखट गद्याचे भांडार आहे, पण त्यातही निवड करावी लागते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ असे नाव दिले. त्यातील वळ उठविणारी वाक्ये ज्यांच्यावर पडली ती त्यांच्या कृत्यांवर पडली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून फुल्यांचा उपहास करताना मात्र त्यांच्या व्याकरणाच्या चुका उगाळल्या. शास्त्रीबुवांची शैली निःसंशय डौलदार होती. परंतु मुद्द्याला उत्तर न देता लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाला चिमटे काढणे याला तिखट म्हणता येत नाही. ते खोचकच. धार कोणाच्या लेखणीला अधिक होती हा प्रश्न नाही; ती कशावर चालविली हा आहे.

आणि धार कोणी चालविली, यावरूनही आपल्याकडे शब्द बदलतो. पुरुष असे बोलला तर तो परखड, सडेतोड, स्पष्टवक्ता, करारी. स्त्री बोलली तर ती तोंडाळ, फटकळ, तिखट जिभेची. ‘स्पष्टवक्ती’ असा शब्द करता येतो, पण स्थळ पाहायला आलेल्या मंडळींपुढे मुलीचा गुण म्हणून तो सांगितला जात नाही. येथे चवीची भाषा न्यायाची राहत नाही, दर्जाची होते. परखड या शब्दात बोलणाऱ्याचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे असा मान आहे. फटकळ या शब्दात म्हणण्याला स्थानच नाही, फक्त तोंडाला आहे.

या भेदाची मराठीतील सर्वांत ठळक साक्ष बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपाखाली १८८१ साली शिक्षा झाली, आणि वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक पुण्यात छापविले. जे जे दुर्गुण स्त्रियांच्या नावावर मांडले जातात ते पुरुषांत नाहीत काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पण तो त्यांनी अशा रोखठोक, घरगुती, ठसकेबाज मराठीत विचारला की वाचणाऱ्याला आजही ठसका लागावा. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिलेले तेवढे एकच मोठे नाव. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पहिलेही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी संपादून ते पुन्हा छापले ते १९७५ साली, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. त्यानंतर मराठीच्या विद्यार्थ्यांना ते वाचायला मिळू लागले.